घरचा डबा शेवटी

आमच्या घरात कोणी कुणाआधी जेवायचं, कोणी कुठे बसायचं, याचे कधी नियम नव्हते. नियम होते ते गिरणीत, आणि तेही दोनच. रांगेत लावलेल्या डब्याला ज्याचा त्यानेच हात लावायचा, आणि घरचा डबा शेवटी. या दोन नियमांनी मला लहानपणी जितकं उपाशी ठेवलं तितकं कुठल्याही उपवासाने ठेवलं नाही. तरी आज कोणी त्यांच्याविरुद्ध बोललं की मी भांडायला उभी राहते.

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. नारायणगावातून वारूळवाडीकडे जाताना रस्त्याच्या कडेला, एक शटर, वर पत्रा, आत पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंती. आजोबांनी ती टाकली आणि आत्याने चालवली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत ती एक पिशवी घेऊन परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही. विचारणाऱ्या बाईकडे ती अशी बघायची की त्या बाईला अचानक घरी दूध उतू जात असल्याचं आठवायचं. आजोबांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालताना ते नुसतं "चल" म्हणाले, आणि ती त्यांच्या मागे गिरणीत गेली. पुढे आजोबा गेले, ती तिथेच राहिली. गावातली लहानथोर सगळी तिला आत्याच म्हणायची. माझ्या वयाची बाई म्हणायची आणि तिची आईसुद्धा म्हणायची.

डब्याचा नियम आजोबांचा. आमच्याकडे दळायला येणारी निम्मी माणसं वाड्यावस्त्यांवरची. बाजारच्या दिवशी यायची, डबा ठेवायची आणि आपापल्या कामांना जायची. कोणी दवाखान्यात, कोणी तालुक्याच्या कचेरीत, कोणी टोमॅटोचा भाव बघायला. माणूस गेलं तरी डबा उभा असायचा आणि डब्याचा नंबर लागायचा. एकदा वडिलांनी लहानपणी आपल्या दोस्ताचा डबा हळूच दोन डबे पुढे सरकवला होता. आजोबांनी सगळ्या रांगेदेखत त्यांचा कान पिळला आणि म्हणाले, "डबा न्हाई सरकवलास, बाई ढकललीस." हे वडीलच आम्हाला सांगायचे आणि सांगताना अजून कान चोळायचे.

आत्याने हा नियम बापापेक्षा कडक केला. एकदा एका पुढाऱ्याच्या घरची गाडी गिरणीसमोर थांबली. ड्रायव्हर भला मोठा स्टीलचा डबा घेऊन उतरला.

"आत्या, वैनीसाहेबांचं दळण हाय. पावणं यायच्यात. तेवढं पटकन काढून द्या."

"त्या गठुड्याच्या मागं लाव," आत्या म्हणाली.

गठुडं एका धनगर बाईचं होतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली बाजरी. त्यांची मेंढरं पलीकडे कुणाच्या तरी कांदा काढलेल्या रानात बसवली होती आणि बाई गठुडं ठेवून तिकडे गेली होती.

"बाईचा तर पत्ता न्हाई, आत्या."

"गठुडं हाय की."

ड्रायव्हर गाडीपर्यंत गेला, काच खाली झाली, आत काहीतरी बोलणं झालं, आणि गाडी डब्यासकट निघून गेली. पुढे बरेच दिवस त्या घरचं दळण दुसरीकडे जात होतं. मग एक दिवस तोच डबा गुपचूप येऊन रांगेत बसला. आत्याने तो त्याच्या नंबरावर दळला आणि जाताना ड्रायव्हरला विचारलं, "पावणं गेलं का?"

आता दुसरा नियम. घरचा डबा शेवटी. गिरणीवाल्याने आपलं आधी दळलं तर लोकांना वाटतं, गिरणी याच्या घरासाठी चालते आणि आपण नुसते ताटकळतो. म्हणून सगळ्या गावाचं झाल्यावर आपलं. पण शेवटी दळायचं म्हणजे दगडात अडकून राहिलेलं आधीच्यांचं सगळं आपल्या पिठात यायचं. आमच्या घरी निव्वळ ज्वारीची भाकरी कधी झालीच नाही. त्यात थोडी बाजरी असायची, थोडे गहू, सणाच्या आधी डाळीचा वास. आणि हे पीठ यायचं कधी, तर गिरणी बंद झाल्यावर. चूल पेटवून आई बसलेली, आम्ही दोघी बहिणी उंबऱ्यावर, आणि शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज.

आईने हा नियम उभ्या जन्मात माफ केला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. गिरणीवाल्याच्या घरात दिलं म्हणून माहेरी सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, आणि पिठासाठी सगळ्या गावात शेवटी तीच. नणंद-भावजयीचं बोलणं आमच्यामार्फत चालायचं. "तुझ्या आत्याला म्हणावं, पोरी भुकेल्या हायेत." "तुझ्या आईला म्हणावं, अजून चार डबे हायेत." घर एवढंसं, दोघी एकमेकींना दिसत असायच्या, ऐकूही जायचं, तरी निरोप आम्हीच पोचवायचा. माझ्या लग्नातसुद्धा दोघींनी एकमेकींशी मुंडावळ्यांवरून भांडण केलं ते माझ्याकडे बघून.

मी लग्नानंतर मंचरला आले. इथेच नोकरी करते. इथल्या दुकानांत पाकिटातलं पीठ ढिगाने मिळतं, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाया ते आणतात. मी आणत नाही. मला चिडवतात, "हिच्या भाकरीला गिरणीचाच वास पाहिजे." हो, पाहिजे. आजही दर पंधरवड्याला मी स्कूटीवर पायांपाशी डबा ठेवून नारायणगावला जाते. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

गोष्ट घडली ती काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. आत्याला तोवर खोकला लागला होता. खोटं कशाला बोलू, खोकला खरा होता. पीठ आयुष्यभर छातीत गेलेलं. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं आणि आत्याने त्यांना, "तुमच्या दवाखान्यात काय कमी धूळ हाय?" म्हणून विचारलं होतं. वडिलांचा जीव तिच्यावर. ती खोकायला लागली की ते जेवता जेवता हात थांबवायचे.

"आक्का, आता बस की घरी," ते म्हणायचे.

"बसून काय करू?"

"काय करू म्हंजे? आराम कर. देवाचं कर. लई केलंस."

"देवाचं तूच कर. मला गिरणी बरी."

एवढ्यावर बोलणं संपायचं. वडील कधी मोठ्याने बोलणारे नव्हेत. पण गप्प माणसं मनात ठरवतात ते फार पक्कं असतं. जागा त्यांच्या नावावर, शटरच्या दोन किल्ल्यांतली एक त्यांच्या मोटरसायकलच्या किल्लीला अडकवलेली. आजोबांच्या माघारी ती त्यांच्याकडे आली होती आणि कधी वापरली गेली नव्हती. गावातला एक तरणा माणूस मोबाईलच्या दुकानासाठी जागा शोधत होता. त्याला धनत्रयोदशीचा मुहूर्त साधायचा होता. वडिलांनी त्याला शब्द दिला. गिरणीचा पट्टा काढायचा, यंत्र मागे भिंतीला सरकवून झाकायचं, पुढे काचेचं काउंटर. आत्याला त्यांनी एका अक्षराने सांगितलं नाही.

सांगितलं ते वेगळंच. निमगाव सावाला त्यांच्या चुलतबहिणीच्या घरी नातवाचं बारसं होतं. "आमच्या घरचं कोणी गेलं न्हाई तर वाईट दिसंल, आक्का. तूच जा. ऱ्हा दोन दिवस." आत्या कधी नव्हे ती गेली. लहान पोराचं नाव ठेवायचं म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नसावं. मी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले तेव्हा ती नुकतीच एसटीत बसली होती.

त्या संध्याकाळी जेवताना वडिलांनी आईला सगळं सांगितलं. मीही तिथेच होते. "उद्याच धनत्रयोदशी. ती समोर असली तर जमायचं न्हाई," ते म्हणाले. "आली की रागवंल चार दिवस. पण जगंल तरी." त्यांचे डोळे भरलेले होते, आणि नेमका त्याचाच मला राग आला. रडून फसवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी भांडलेच. मी म्हणाले, तिला विचारा तरी. ते म्हणाले, तिला विचारलं की ती न्हाईच म्हणणार. मी म्हणाले, मग उत्तर मिळालं की तुम्हाला! ते ताटावरून उठून गेले.

आई चुलीवर चकलीची भाजणी भाजत होती. आधी तांदूळ, मग हरभऱ्याची डाळ, मग उडीद, मूग, शेवटी धणे-जिरे. मला वाटलं, हिला आनंदच झाला असणार. आयुष्यभर शेवटी थांबणं आता संपलं. भाजणी पितळी डब्यात भरून तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "सकाळी लवकर ऊठ."

उजाडायच्या आत तिने मला हलवलं. डबा तिच्या डोक्यावर, मी मागे. वाटेत ती एका दारापाशी थांबली, कडी वाजवली. "उद्या परवा दिवाळी आली, भाजणी झाली का? गिरणी उघडी हाय आज. डबं लावून टाका." मग दुसरं दार. मग गल्लीच्या टोकाचं. कुठेही तिने नवऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गिरणी बंद होणार, मोबाईलचं दुकान येणार, काही नाही. नुसतं "डबं लावा." गिरणीच्या बंद शटरला टेकवून तिने आपला पितळी डबा ठेवला, पदराने घाम पुसला आणि माझ्याकडे हात केला. "तुझा मोबाईल दे. लाव तिला."

आईने आत्याला कधी फोन केलेला नव्हता. एका घरात राहणाऱ्या बायकांना फोनची गरज काय, असं ती म्हणायची. एका घरात राहून बोलायच्याही नाहीत ते वेगळं. आत्याने फोन उचलला. आई एवढंच म्हणाली, "तुमच्या दारात डबं लागल्यात. दळायला कोण न्हाई." आणि मोबाईल मला परत दिला. पलीकडून आत्या काय म्हणाली ते मी विचारलं. "ठेवला," आई म्हणाली.

बायका येत गेल्या. स्टीलचे डबे, पत्र्याचे डबे, तेलाचे कापून केलेले डबे, पिशव्या, पारगावच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या एका बाईचं बाजरीचं बोचकं. दिवाळीचा आठवडा. त्या आठवड्यात अख्खा गाव भाजणी भाजून बसलेला असतो. जिला कळलं तिने शेजारणीला सांगितलं. रांग शटरपासून निघाली, पायरी उतरली, शेजारच्या केस कापायच्या दुकानासमोरून वळली. आणि नेहमी डबा ठेवून कामाला पळणाऱ्या बायका त्या दिवशी गेल्या नाहीत. कुणी सांगितलं होतं की आपोआप कळलं होतं, मला माहीत नाही. आमच्या गावात भिंतींना कान नसतात, भिंतीच बोलतात.

वडील आले तेव्हा ऊन आलं होतं. मागे टेम्पो, टेम्पोत काचेचं काउंटर गाद्या लावून बांधलेलं, पुढे बसलेला तो मोबाईलवाला कपाळाला गंध लावून. वडिलांनी रांग पाहिली. मग रांगेच्या पहिल्या डब्याकडे पाहिलं. आईच्या माहेरचा पितळी डबा ते ओळखणार नाहीत तर कोण? आई मान फिरवून रस्त्याकडे बघत होती.

टेम्पोचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्याला घाई होती. "ओ मावशी, डबं घ्या की जरा बाजूला. गाडी मागं घ्यायचीय." कोणी हललं नाही. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग खाली उतरला, वाकला आणि मधलाच एक डबा कडीला धरून उचलला.

"ए! ठेव तो डबा!"

ओरडले ते माझे वडील. मी त्यांचा तसा आवाज जन्मात ऐकला नव्हता. "ठेव म्हन्तो ना! रांगेला हात लावायचा न्हाई!"

ड्रायव्हरने डबा ठेवला. ठेवला तो जरा तिरका, तर वडील पुढे झाले आणि हात न लावता नुसत्या बोटाने त्याला दाखवलं: तिथं, तिथं, होता तिथं. तो नीट बसेपर्यंत ते उभे राहिले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. सगळ्यात आधी कोण हसलं ते सांगता यायचं नाही, पण ते हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं.

मोबाईलवाला अजून हसत नव्हता. "काका, आपलं ठरलंय. मुहूर्त हाय माझा," तो म्हणाला, आणि रांगेकडे बघता बघता थांबला. "ह्यो तर आमच्या घरचा डबा हाय."

"हाय मग," रांगेतून त्याची आई म्हणाली. "हात लावू नगं. माजा नंबर जाईल."

त्यानंतर टेम्पो जो उलटा वळला तो सरळ बसस्टँडच्या बाजूला गेला. मोबाईलवाल्याला पुढे तिथेच गाळा मिळाला आणि त्याचं बरं चाललं आहे. त्याच्यावर माझा राग नाही. वडील मात्र तिथेच उभे राहिले. घरी जाता येईना, शटर उघडता येईना. किल्ली त्यांच्या खिशात होती. बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते टेम्पोच्या चाकांच्या खुणांकडे.

आत्या वडापच्या जीपमधून उतरली. हातात बारशाचा नारळ आणि खणाचा तुकडा. दोन दिवसांचं राहणं टाकून ती आली होती. तिने रांग पाहिली, भावाला पाहिलं. काय झालं असेल ते तिला एका क्षणात कळलं असणार. तिला सगळंच एका क्षणात कळायचं. तिने कमरेची किल्ली काढली, शटर वर केलं, नारळ आत कोनाड्यात ठेवला, तोंडाला फडकं बांधलं. मोटरचं बटण दाबायच्या आधी वळून विचारलं, "पयला कोणाचा?"

"माजा," आई म्हणाली. इतक्या वर्षांत त्या दोघींचं समोरासमोर सरळ बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

आत्याने पितळी डबा पाहिला. आईने तिच्याकडे पाहिलं. सगळी रांग बघत होती. आईने ती रांग उभी केली होती, पहाटेपासून दारोदार फिरली होती, आणि माझ्या मनात आलं, आज तरी. आज तरी हिचं आधी दळ.

"घरचा शेवटी," आत्या म्हणाली.

मी ओरडणारच होते. पण आईने वाकून डबा उचलला. डोक्यावर घेतला नाही, कमरेवर घेतला, आणि सगळ्या रांगेच्या कडेकडेने चालत गेली. पायरी उतरून, केस कापायच्या दुकानासमोरून, शेवटच्या बोचक्यापर्यंत. तिथे डबा ठेवला आणि डब्याशेजारी उभी राहिली. तिचं तोंड रागाने लाल झालं होतं. पण डबा ठेवताना ती हसत होती हेही मी पाहिलं. गिरणी बंद असती तर तिला शेवटी कोण पाठवणार होतं?

दिवसभर दगड फिरला. संध्याकाळी, फक्त आमचाच डबा राहिलेला असताना, लाईट गेली. आमच्याकडची लाईट अशीच नेमकी जाते. आत्या स्टुलावर बसून खोकत होती. वडील दिवसभर समोरच्या ओट्यावर होते, आता आत आले. पायरीवर बसले. मी आणि आई दाराशी.

"तुझ्यासाठीच केलं, आक्का," ते म्हणाले. "हे पीठ खाऊन टाकंल तुला."

आत्याने खोकला थांबू दिला. मग म्हणाली, "मी परत आले तवा तू लहान व्हतास. भाकर मला मिळाली असती. तू बी दिली असती जन्मभर, मला ठावं हाय. पण दुसऱ्याच्या भाकरीवर बसनाऱ्या बाईला उठ म्हनायला येळ लागत न्हाई. बापानं मला भाकर न्हाई दिली, दळायला दिलं. ह्या गावात मला कोणी बिचारी म्हटल्यालं ऐकलंस? एकानं तरी?"

वडिलांनी नाही म्हणून मान हलवली.

"आन् तू मला बारशाला धाडलंस," ती म्हणाली. "त्वांडावर म्हनायचं व्हतंस. भांडलो असतो."

वडील पायरीवरच रडले. मला त्यांची दया आली आणि तरीही मला वाटलं, रडू देत. तिला फसवून घालवायला निघाले होते, थोडं रडले तर बिघडत नाही.

पुढचे दोन दिवस गर्दी तशीच राहिली आणि आमचा डबा तसाच मागे राहिला. आमची भाजणी दळली गेली ती लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दिवे लावायच्या घाईत. त्यामुळे त्या वर्षी आमच्या चकल्या भाऊबीजेच्या सकाळी झाल्या. आई तळत होती, मी सोऱ्या धरून. तोवर शेजारपाजारच्यांचे फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले होते.

भाऊबीजेला वडील अंघोळ करून पाटावर बसले. आत्याने टोपी घातलेल्या भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. वडिलांनी खिशातून नवं पाकीट काढलं आणि ताटात ठेवायला हात पुढे केला. दरवर्षी ते ठेवायचे आणि आत्या न उघडता देवापुढे सरकवायची.

आत्याने ताट मागे घेतलं.

"हे नगं."

"मग काय पायजे, आक्का?"

"दुसरी किल्ली."

वडील उठायला लागले. "आनतो. मोटरसायकलच्या..."

"पाटावरून उठायचं न्हाई. खिशातच हाय."

ती खिशातच होती. मोटरसायकलच्या किल्लीच्या कडीला, शेतातल्या मोटरीच्या पेटीच्या किल्लीशेजारी. वडील कडीतून ती सोडवायला लागले. त्यांच्या बोटांना ती कडी उघडेना. आत्या ताट धरून उभी. निरांजन जळत होतं, तूप कमी होत होतं, आणि ती जराही हलली नाही. मी मदतीला पुढे झाले तर आईने मला दंडाला धरून मागे ओढलं. अखेर किल्ली निघाली. वडिलांनी ती ताटात ठेवली आणि आत्याच्या पायाला हात लावला.

आत्याने निरांजन आणखी एकदा ओवाळलं. मग दोन्ही किल्ल्या पदराच्या टोकाला एकत्र बांधल्या, गाठ दाताने घट्ट केली, आणि आईने पुढे केलेल्या ताटलीतली चकली उचलली.

"मोहन कमी पडलं," ती चावता चावता म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून.

"पीठ तुमचं व्हतं," आई म्हणाली.

"माजं कसं? धा घरचं व्हतं." आत्याने दुसरी चकली घेतली. "उद्या लवकर उघडायचीय. सनाचं संपलं, आता लोकं रोजचं दळण घिऊन येतील. दम लागतो मला हल्ली. डबं वर घ्यायला कोण तरी पायजे."

हे कुणाला उद्देशून होतं ते घरात सगळ्यांना कळलं. वडील पाटावर बसल्या बसल्या हलायला लागले, तेवढ्यात आई म्हणाली, "मी येते."

"ये," आत्या म्हणाली. "पन आपला डबा शेवटी."

"ठावं हाय," आई म्हणाली, आणि उरलेल्या चकल्या तळायला आत गेली.